महेश्वर : नर्मदेकाठची होळकरांची राजधानी

मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर वसलेले महेश्वर इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे आणि सकाळी निघून रात्री मुक्कामाला परतण्याच्या बेताने तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या बरीच मोठी आहे. सह्याद्रीतील गड पाहून तयार झालेली नजर घेऊन येणारा प्रवासी येथे बुरूज, दिंडी दरवाजे आणि लढायांच्या खुणा शोधू लागतो व त्या फारशा न सापडल्याने थोडा गोंधळतो. महेश्वरचा किल्ला लढण्यासाठी फारसा वापरला गेला नाही. तो राज्याचा हिशेब ठेवण्यासाठी, न्यायनिवाड्यासाठी आणि देवपूजेसाठी वापरला गेला, आणि त्याच्या तटाखाली जी वस्ती उभी राहिली ती प्रामुख्याने विणकरांची होती. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे या गावात एक दिवस कसा घालवावा याचा क्रमही आपोआप ठरतो.

इंदूरहून जाणारा रस्ता प्रथम महूवरून माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेला येतो आणि मानपूरच्या पुढे विंध्याचा घाट उतरून निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातील सखल आणि उष्ण प्रदेशात शिरतो. पठारावरची हवा आणि खालची हवा यांतला फरक घाट संपताच अंगाला जाणवतो. आग्रा-मुंबई महामार्गावरील धामणोद येथे वळण घेतले की महेश्वर अगदी जवळ येते. महाराष्ट्रातून धुळे, शिरपूर, सेंधवा या मार्गाने येणारे प्रवासी खलघाटच्या पुलावरून नर्मदा ओलांडून याच धामणोदला पोहोचतात. पेशवाईत दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या फौजा, सावकार आणि यात्रेकरू याच टापूत नर्मदा पार करीत असत, त्यामुळे होळकरांच्या राजधानीसाठी ही जागा का निवडली गेली असावी याचे एक उत्तर आजच्या महामार्गाच्या नकाशावरही वाचता येते.

गावात पोहोचल्यावर बहुतेक वाहने किल्ल्याच्या वरच्या अंगाला थांबतात व प्रवासी आधी राजवाडा पाहून मग खाली घाटावर उतरतात. हा क्रम उलटा करणे अधिक चांगले, कारण महेश्वरची सारी रचना पाण्याकडून वर पाहणाऱ्यासाठी केलेली आहे. नर्मदा येथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि गाव उत्तर तीरावर असल्याने घाटांचे तोंड दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात दिवसभर ऊन पायऱ्यांवर राहते. अहिल्या घाट, पेशवे घाट, फणसे घाट अशी सलग नावे असलेली ही पायऱ्यांची रांग काळ्या बेसॉल्ट दगडाची आहे. बेसॉल्ट म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून थंड होऊन बनलेला तोच खडक, ज्यात वेरूळची लेणी कोरलेली आहेत. पायऱ्यांच्या मधल्या सपाट टप्प्यांवर ठिकठिकाणी शिवलिंगे आणि नंदी बसवलेले आहेत, त्यातील काही पावसाळ्यात पाण्याखाली जातात. सकाळच्या वेळी स्नान करणारे, कपडे धुणारे, नावाडी आणि नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू यांची येथे एकत्र वर्दळ असते. परिक्रमा म्हणजे नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही तीरांनी चालत जाणे, आणि या व्रतात नदी ओलांडायची नसते, त्यामुळे पर्यटक ज्या नावेत सहज बसतो ती परिक्रमावासीयाला वर्ज्य असते.

घाटावरून तटाकडे पाहिले की एक उंच, भव्य दरवाजा आणि त्याकडे चढत जाणाऱ्या रुंद पायऱ्या दिसतात. त्या चढून आत गेल्यावर एका बंदिस्त चौकात दोन वास्तू येतात. त्यांतली एक विठोजी होळकरांची छत्री होय. छत्री म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारलेली, वर घुमट किंवा शिखर असलेली वास्तू. या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची एक ओळ कोरलेली आहे. येणारे लोक ती नक्षी म्हणून पाहतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात, परंतु ज्याला विठोजींचा अंत ठाऊक आहे त्याला त्या हत्तींपुढे थांबावेच लागते. होळकरांच्या सैन्याची धुरा वाहणाऱ्या तुकोजीराव होळकरांच्या मृत्यूनंतर, १७९७ मध्ये, घराण्यात वारशाचा वाद पेटला. त्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने आणि दौलतराव शिंद्यांनी हस्तक्षेप केला. आणि बंड करणारे विठोजी पेशव्यांच्या हाती लागल्यावर १८०१ मध्ये पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी देऊन ठार मारण्यात आले. त्यांचे बंधू यशवंतराव यांनी पुढच्याच वर्षी पुण्यावर चाल केली, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा, म्हणजे इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने बाळगण्याचा, करार केला. मराठी सत्तेच्या अखेरीची सुरुवात ज्या तहाने झाली असे शाळेतील प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते, त्या वसईच्या तहामागचे एक थेट कारण महेश्वरच्या या चौकात दगडात उभे आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने या छत्रीला घाईत वळसा घालू नये.

समोरचे अहिल्येश्वर मंदिर हेही मूळ अर्थाने स्मारकच असून महेश्वरला राजधानी करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या पश्चात होळकर घराण्याने ते उभारले. त्याचे शिखर, कोरीव गवाक्षे आणि खांबांवरील बारीक काम उत्तरेकडील मंदिरशैली व मराठी वाड्यांची घडण यांचा मिलाफ दाखवते. येथील कारागिरीची खरी कसोटी मात्र भिंतींच्या खालच्या पट्ट्यांत आहे. तेथे लाटा, विटा, चौकटी आणि वेली यांची जी भौमितिक नक्षी कोरलेली दिसते, ती पुढे मागावरच्या काठांत पुन्हा भेटते.

चौकातून आणखी वर गेल्यावर किल्ल्याचा माथा आणि त्यावरचा राजवाडा येतो. राजवाडा या शब्दाने जे चित्र मनात उभे राहते त्याच्याशी ही वास्तू जुळत नाही. लाकडी खांब, उतरती कौले, मध्ये चौक आणि भोवती ओसरी असा तो दुमजली वाडा आहे, आणि पुणे-सातारा भागातील एखाद्या सरदाराच्या वाड्याहून तो मोठा नाही. ओसरीवर अहिल्याबाईंची गादी पांढऱ्या बैठकीच्या रूपात जपून ठेवलेली आहे. होळकर राज्याचा कारभार जवळजवळ तीन दशके ज्या जागेवरून चालला ती जागा इतकी साधी असावी, ही गोष्ट पाहणाऱ्याला एकदम पटत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट येथे पाहण्यासारखी आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चोंडी या गावी, माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले तेव्हा सती जाण्याच्या निश्चयापासून त्यांना मल्हाररावांनी परावृत्त केले आणि पुढील बारा वर्षे राज्याच्या कामात त्यांना आपल्या हाताशी ठेवले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेले. राज्य बळकावण्याचा राघोबादादांचा बेत या सुमारास अहिल्याबाईंनी धैर्याने परतवला आणि माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच राहू दिला. त्यांनी सैन्याची जबाबदारी तुकोजीराव होळकरांकडे सोपवली, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि महेश्वर ही राजधानी केली. राज्य शिवाचे असून आपण त्याच्या वतीने ते सांभाळतो, ही भूमिका त्यांनी नुसती बोलून दाखवली नाही. त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी शंकराचे नाव घातले जाई. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूनंतर दोन-तीन दशकांनी माळव्यातील वृद्धांकडून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, त्या रोज उघड्या दरबारात बसून लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत असत, असे नोंदवले. जिंकलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याने हरलेल्या राजवटीविषयी इतक्या आदराने लिहावे, याला वजन आहे.

त्यांच्या कारभारातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दौलत आणि खासगी यांच्यात त्यांनी पाळलेला भेद. दौलत म्हणजे राज्याचा खजिना; खासगी म्हणजे होळकर घराण्यातील राणीच्या नावे स्वतंत्रपणे चालणारे उत्पन्न, ज्याची सुरुवात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून १७३४ मध्ये मिळालेल्या जहागिरीपासून झाली. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर अशी जी मंदिरे अहिल्याबाईंनी बांधली किंवा पुन्हा उभी केली, आणि देशभर जे घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे चालवली, त्यांचा खर्च या खासगीतून झाला, राज्याच्या महसुलातून नाही. त्यांच्या दानशूरपणाची स्तुती सर्वत्र होते, परंतु त्या दानामागचा हा काटेकोर हिशेब त्याहून दुर्मीळ आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. मराठी शाहिरीच्या इतिहासातही महेश्वरला जागा आहे: संगमनेरचा शाहीर अनंत फंदी लावण्या गाण्यात रमलेला असताना अहिल्याबाईंच्या उपदेशामुळे कीर्तनाकडे वळला, अशी परंपरा सांगितली जाते. वैयक्तिक आयुष्यात मात्र त्यांच्या वाट्याला शोकच अधिक आला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे यांच्या निधनानंतर कन्या मुक्ताबाई सती गेली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंचे महेश्वर येथेच निधन झाले.

वाड्याच्या देवघरात बाळकृष्णाचा सोन्याचा पाळणा आणि अनेक शिवलिंगे पूजेत आहेत. याच परिसरात सकाळी लिंगार्चन चालते. नर्मदेच्या काळ्या मातीची बोटाच्या पेरापेक्षाही लहान लिंगे हाताने वळून, प्रत्येकावर तांदळाचा दाणा ठेवून, पाटांवर रांगेने मांडतात, त्यांची पूजा करतात आणि नंतर ती सारी नदीत विसर्जित करतात. मातीच्या अशा लिंगाला पार्थिव लिंग म्हणतात. रोज काही हजार लिंगे घडतात आणि त्याच दिवशी पाण्यात जातात. हा क्रम अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आला आहे. हे पाहायचे असल्यास सकाळी लवकर पोहोचावे लागते, आणि इंदूरहून पहाटे निघण्याचे एवढे एक कारणही पुरेसे आहे.

दुपारचा वेळ विणकरांच्या वस्तीसाठी राखून ठेवावा. अहिल्याबाईंनी राजधानी वसवताना निरनिराळ्या ठिकाणांहून विणकर बोलावून येथे स्थायिक केले आणि दरबारच्या भेटवस्तूंसाठी नऊवारी साड्या व पागोटी विणवून घेतली, असे मानले जाते. आज अन्सारी, साळी, मारू यांसारख्या समाजांतील कुटुंबे हे काम करतात आणि अरुंद गल्ल्यांतून चालताना माग दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. प्रचलित महेश्वरी साडीत ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, रेशमाचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा असतो. रेशमामुळे कापडाला झळाळी आणि मऊपणा येतो, सुतामुळे ते उन्हाळ्यात नेसण्याजोगे हलके राहते. रेशीम कर्नाटकातून येते आणि जरीचा धागा सुरतेहून. महेश्वरचे स्वतःचे आहे ते विणकाम.

मागाजवळ थोडा वेळ उभे राहिले की कामाची रीत कळते. विणकर पायाने पावड्या दाबतो, ताण्याचे धागे वर-खाली दोन भागांत विभागले जातात, त्यांच्यामधल्या फटीतून धोटा, म्हणजे बाण्याच्या धाग्याची कांडी वाहून नेणारे लाकडी साधन, एका कडेहून दुसरीकडे जातो आणि मग फणी पुढे ओढून तो धागा आधीच्या विणीला घट्ट बसवला जातो. काठ विणताना वर बसवलेल्या यंत्रणेने ठरावीक धागे उचलले जातात आणि लाट, वीट, चटई, हिरा, चमेली असे नमुने उमटतात. सकाळी तटाच्या आणि मंदिराच्या दगडात पाहिलेली नक्षी येथे बोटभर रुंदीच्या काठात दिसते, तेव्हा किल्ला आणि माग यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जुन्या पद्धतीच्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच नेटका असतो, त्यामुळे साडी कोणत्याही बाजूने नेसता येते, आणि पदरावर तीन रंगीत व दोन पांढरे असे पाच पट्टे असतात.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची सत्ता इंग्रजांच्या अंकित झाली, राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचा राजाश्रय आटला. विसाव्या शतकाच्या मध्यावर गिरणीच्या कापडाने हातमागाला जवळजवळ संपवत आणले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था काढून स्थानिक स्त्रियांना विणकामाचे शिक्षण व रोजगार देण्यास सुरुवात केली, तिची विणकामाची जागा किल्ल्याच्याच परिसरात ठेवली आणि पुढे इतर संस्था व स्वतंत्र विणकरही उभे राहिले. आज महेश्वरीला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट ठिकाणाच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त आहे. राजवाड्याच्या जतनापेक्षाही या पुनरुज्जीवनाचे मोल अधिक मानले पाहिजे, कारण अहिल्याबाईंनी गावाला दिलेली पोटापाण्याची सोय त्यामुळे टिकली.

ऊन उतरल्यावर नावेने दक्षिण तीरावर जावे. तेथील नावडातोली या छोट्या वस्तीचे नाव पर्यटनाच्या माहितीपत्रकांत क्वचितच येते, परंतु भारतीय पुरातत्त्वात ते फार मोठे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि नावडातोली येथे, आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात नावडातोली येथे उत्खनन केले. त्यात ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची, इसवी सनापूर्वी सुमारे सोळाव्या ते चौदाव्या शतकातील वसाहत उजेडात आली. कुडाच्या भिंतींची गोल आणि चौकोनी घरे, जळालेल्या स्थितीत टिकलेले गहू, तांदूळ, मसूर व जवस यांचे दाणे, आणि तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने प्राणी, वेली व रेषा चितारलेली मातीची भांडी तेथे मिळाली. माळव्यातील अनेक स्थळांवर सापडत असल्याने या भांड्यांना माळवा भांडी म्हणतात. याच संस्कृतीचे लोक पुढे दक्षिणेकडे सरकले. प्रवरेकाठच्या दायमाबादला आणि शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला त्यांच्या वस्तीचे थर मिळाले आहेत. चोंडीची मुलगी राज्य करायला नर्मदेवर गेली, त्याच्या तीन हजार वर्षे आधी नर्मदेकाठचे शेतकरी महाराष्ट्रात येऊन स्थायिक झाले होते, आणि हे जाणून त्या ओसाड टेकाडावर उभे राहण्याला वेगळाच अर्थ येतो.

प्राचीन साहित्यातील माहिष्मती नगरी म्हणजे महेश्वरच, असे परंपरा मानते; काही अभ्यासक तो मान ओंकारेश्वरजवळच्या मांधाता बेटाला देतात. हैहय राजा सहस्रार्जुन याने आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवली आणि ती हजार धारांनी निसटली, ही कथा ज्या ठिकाणाशी जोडली जाते ते सहस्रधारा गावाच्या पश्चिमेस आहे. तेथे काळ्या खडकांच्या ओळींतून प्रवाह फुटून वाहतो. पात्रात पाणी फार असेल तर खडक बुडतात आणि काहीच दिसत नाही, म्हणून नावाड्याला आधी विचारून घ्यावे. नदीच्या मध्यभागी खडकावर असलेले बाणेश्वराचे छोटे देऊळ मात्र घाटावरूनही पुरेसे दिसते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीसाठी योग्य. निमाडचा उन्हाळा कडक असतो आणि पावसाळ्यात नदी चढली की नावा बंद होतात. एकाच दिवसात मांडू आणि महेश्वर दोन्ही उरकण्याचा बेत बरेच लोक करतात. तो टाळावा, कारण तसे केल्यास बहुधा विणकरांची वस्ती आणि नावडातोली हीच दोन ठिकाणे वगळली जातात. नावडातोलीच्या टेकाडावर खापराचा तुकडा दिसला तरी तो उचलून आणू नये. साडी घ्यायची असेल तर ती यंत्रमागाची नाही ना, हे विचारून आणि पाहून घ्यावे: हातमागावर कापड रुंदीला ताणून धरणाऱ्या काठीच्या अणकुचीदार टोकांची बारीक छिद्रे दोन्ही कडांना ओळीने राहतात. शक्य असेल तेथे ती विणणाऱ्याच्या घरूनच घ्यावी आणि किंमत पाडून मागू नये; एका साडीमागे एका कुटुंबाचे कित्येक दिवसांचे काम असते.